पाणी पिणारी भिंत

केवळाबाईचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. नांदेडला रुळांच्या पलीकडे, पत्र्याच्या एका खोलीत ती आणि तिचा नवरा बालाजी राहत. सव्वाचारला नळ यायचा. नळ येण्याआधीचा अर्धा तास तेवढा तिचा स्वतःचा होता. त्या अर्ध्या तासात ती कुंचे बांधायची.

कुंचा म्हणजे भिंतीला चुना लावायचा जाड ब्रश. बाजारातला कुंचा आठ दिवसांत केस सोडायला लागतो. मग ओल्या चुन्यात चिकटलेला एकेक केस नखानं काढत बसावं लागतं. केवळाबाईचा कुंचा केस सोडत नसे. त्यात कसली जादू नव्हती, काम होतं. रुळांच्या कडेनं केकताड वाढायचं. त्याची जाड, काटेरी टोकांची पानं ती रविवारी विळ्यानं कापायची, भारा डोक्यावर घेऊन नदीवर जायची आणि वर दगड ठेवून पाण्यात बुडवायची. पान कुजायला आठ दिवस लागत. वास असा, की धुणं धुणाऱ्या बाया जागा बदलायच्या. मग सपाट दगडावर मोगरीनं कुटायचं. कमी कुटलं तर गर राहून धागा कडक होतो, जास्त कुटलं तर तुटतो. धागा सावलीतच वाळवायचा, उन्हात तो ठिसूळ होतो. कुटायचं काम आवाजाचं, ते नदीवर. पहाटे फक्त बिनआवाजाची कामं करायची. धागा विंचरायचा, सारखा करायचा, कडुलिंबाच्या दांड्याभोवती दुमडायचा आणि ओल्या सुतळीनं आवळायचा. सुतळी वाळली की आणखी आवळते. एका कुंच्याला सात पहाटा लागत.

हे तिला आईनं शिकवलं होतं.

तिचं माहेर देवणीजवळचं. घरी देवणी बैलांची एक जोडी होती, दोन्ही बैल पांढरे, काळ्या ठिपक्यांचे. तिची आई लग्नसराईत लोकांच्या घरी जाऊन दाराच्या दोन्ही बाजूंना मोर काढायची. तिच्याकडं तीन ब्रश असत, तिन्ही घरचे. चुन्याला केकताडाचा कुंचा. रंग भरायला शिंदीचा हिरवा देठ, टोक दाताखाली चावून चावून मऊ केलेला. आणि रेघेला बैलाच्या शेपटीच्या केसांचा. हा तिसरा सगळ्यांत अवघड. शेपटीचे केस कापलेले तिच्या आईला चालत नसत. पोळ्याला बैल धुतले, की ती शेपटीचा गोंडा फणीनं विंचरायची. फणीत जेवढे केस येतील तेवढे आपले. त्यातून पंचवीसएक निवडायचे, वाटीत उभे धरून ठोकायचे, म्हणजे टोकं एका रांगेत येतात. मग एरंडाच्या पोकळ काडीत बसवून दोऱ्यानं बांधायचे.

"कापून टोक येत न्हाई," आई म्हणायची. "कापलं की झाडणी झाली."

भिंतीवर रंग टेकवण्याआधी आई हात पाण्यात बुडवून चार थेंब भिंतीवर झटकायची. थेंब जागच्या जागी मुरला तर म्हणायची, "भिंत पाणी पिती." ओघळला तर सामान गुंडाळून घरी यायची. त्या भिंतीला आणखी चुना लागणार किंवा ती भिंत कामाचीच नाही. पाणी न पिणारी भिंत रंगही पीत नाही.

केवळा सोळा वर्षांची होईपर्यंत रंग भरायला बसायची. रेघ मात्र आईची. "पुढच्या साली रेघ तुझी," आईनं सांगितलं होतं. पुढच्या साली केवळाचं लग्न झालं आणि ती मुखेडकडं नांदायला आली. सासरच्या घराच्या भिंती मातीच्या, शेणानं सारवलेल्या. आई तिसऱ्या वर्षी गेली. रेघ राहिली ती राहिलीच.

बालाजीच्या वाट्याला आलेल्या कोरडवाहू तुकड्यात दोन माणसांचं भागेना, म्हणून दोघं नांदेडला आले. तो मोंढ्यात हमाली करू लागला. ती मजूर अड्ड्यावर उभी राहिली आणि शरणप्पा मुकादमाच्या टोळीत लागली. शरणप्पा देगलूरकडचा. मराठी बोलता बोलता कानडीत घुसायचा. त्याची टोळी घरांना, शाळांना चुना मारायची. पगार चोख द्यायचा, काम चोख मागायचा. टोळीचा एक कायदा होता. बायांनी जुना रंग पत्र्यानं खरडायचा, चुना गाळायचा, पाणी वाहायचं, शेवटी फरशी पुसायची. कुंचा गड्यांच्या हातात.

या धंद्यात रंगाच्या एका थराला हात म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. केवळाबाईनं पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"मुकादम, मागच्या खोलीला एक हात मी मारू का?"

"तू हात मारलास तर शिडी कोण धरंल, केवळाक्का? हा पोरगा, हरिओम? त्याला सोताची चड्डी धरता यीना."

"शिडी भिंतीला बी टेकती."

"मालकीण बघंल. म्हणंल, बायांकडून उरकून घेतलं. पैशे कापंल."

"कुंचा तर बाईनं बांधलेला चालतो."

"कुंच्याला कुठं लुगडं हाय?"

टोळी हसली. केवळाबाईही हसली आणि बादली घेऊन नळाकडं गेली. तिनं पुन्हा विचारलं नाही. शरणप्पानं मात्र त्या दिवसापासून बाजारचा कुंचा घेणं बंद केलं. तिच्या कुंच्याचे पैसे तो हजेरीपेक्षा वेगळे द्यायचा.

सव्वीस वर्षं तिनं भिंती खरडल्या. लग्नघराच्या भिंतीवर नवरा-नवरीची नावं असतात, शेजारी कलश, केळीचे खांब. पाच-सहा वर्षांनी मालक म्हणतो, काढून टाका. ते काढायचं काम तिचं. कधी एखादा मोर निघायचा. तो खरडताना ती मान शेवटी ठेवायची. मान कशी वळवलीय ते बघून घ्यायची आणि मग पत्रा फिरवायची. आईच्या मोराची मान कोणत्या बाजूला असायची, हे तिला नीट आठवत नव्हतं. कुठल्या तरी भिंतीवर तशी मान दिसेल असं तिला वाटायचं. एकदा माहेरी गेली तेव्हा आईनं काढलेले मोर शोधत गावभर फिरली. चार घरं पडली होती, बाकीच्यांना टाइल्स बसवल्या होत्या.

स्वतःच्या खोलीत काढावा तर घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नव्हता. मुलगी शिल्पा नर्सिंग शिकली, लातूरला नोकरीला लागली. तिचं लग्न तिथंच मंगल कार्यालयात झालं. कार्यालयाच्या भिंतींना कापडाचे पडदे लावले होते. केवळाबाई पडद्याच्या मागं जाऊन एकदा हात फिरवून आली. ऑइलपेंट होता.

मग चुना गेला. डिस्टेंपर आला, पुट्टी आली, रोलर आला. शरणप्पानं एक दिवस तिच्या हातातला नवा कुंचा बघितला आणि म्हणाला, "साकु अक्का, साकु. आता पुरं झालं. कोण वापरतंय हे?" ती तरी बांधत राहिली. खोलीत दोरीला ओळीनं कुंचे टांगलेले.

"दुकान काढून राहिलीस का?" बालाजी विचारायचा.

"तुमी मोंढ्यातून आल्यावर बी पोती उचलल्यासारखं चालता. मी काई म्हणते का?"

चोवीस वर्षं झाली तेव्हा टोळीला एका शाळेचं काम मिळालं. तिथं वैष्णवी मॅडम म्हणून चित्रकलेच्या तरुण शिक्षिका होत्या. बाहेरच्या लांब भिंतीवर त्या मुलांसाठी झाडं, पक्षी काढत होत्या. भिंत वाळूच्या गिलाव्याची, खरबरीत. दुकानातून आणलेले चांगले ब्रश दोन दिवसांत झिजून बोडके झाले. केवळाबाई शेजारी डबे धूत होती.

"ही भिंत ब्रश खाती, मॅडम," ती म्हणाली.

"मग काय करू, मावशी? माझा पगार या भिंतीलाच चाललाय."

सोमवारी केवळाबाई शिंदीच्या देठांचे चार ब्रश घेऊन आली. दोन बोटभर रुंद, दोन बारीक. दात आता पहिल्यासारखे नव्हते, म्हणून तिनं ते चावण्याऐवजी हातोडीनं ठेचले होते. ते ब्रश भिंतीला पुरून उरले. मॅडमनी उलटसुलट करून पाहिले.

"कुणी शिकवलं हे?"

"आईनं. ती मोर काढायची."

"आणि तुम्ही?"

"मी रंग भरायची."

मॅडमनी भिंतीच्या टोकाकडं बोट दाखवलं. "तो कोपरा मोकळा आहे. तिथं तुमचा मोर काढा."

दुसऱ्या दिवशी ती काव आणि बाभळीचा डिंक घेऊन आली. काव म्हणजे लाल माती, तिची आई तीच वापरायची. तीन दुपारी, जेवणाच्या सुटीत, भाकरी न खाता ती त्या कोपऱ्यात बसली. मोर पायापासून काढायचा असतो, तसा पायापासून काढला. रेघ तिची होती. टोळीतले गडी येऊन बघून गेले. आता बाप्या झालेल्या हरिओमनं विचारलं, "मावशी, मोर हाय का कोंबडा?" आणि शरणप्पानं त्याला वाळू चाळायला पाठवलं.

आठव्या दिवशी मुलांच्या पांढऱ्या शर्टांवर लाल डाग दिसू लागले. मोर हाताला लागत होता. शेपटीच्या जागी भुकटी झाली होती.

केवळाबाई भिंतीपुढं उभी राहिली. बादलीत हात बुडवून तिनं चार थेंब झटकले. थेंब सरळ खाली ओघळले. रंगाच्या आधी त्या भिंतीला तेलाचा प्रायमर मारलेला होता. चोवीस वर्षं भिंतींत काढलेल्या बाईनं हे चार थेंब आधी झटकले नव्हते.

शरणप्पा मागं येऊन थांबला.

"पाणी पाजलं न्हाईस भिंतीला?"

"ध्यान न्हाई राहिलं."

"तुला? एवढी घाई?"

"हाव," ती म्हणाली. "एवढी."

मॅडम म्हणाल्या, "मावशी, मी वरून ऑइलपेंटनं गिरवून देते. आहे तसाच राहील." केवळाबाई नको म्हणाली. तिनं आपला पत्रा आणला आणि मोर खरडून काढला. तिच्या हाताला सवय होती, फार वेळ लागला नाही. या खेपेला तिनं मान आधी खरडली.

त्या दिवशी तिला एक गोष्ट कळली. दुसऱ्यानं दिलेल्या कोपऱ्यानं भागणार नाही. भिंत आपली लागते, आणि ती चुन्याची लागते.

दोन वर्षांनी बालाजीचे गुडघे गेले आणि दोघं मुखेडकडच्या गावी परतले. तिथं घरकुल मंजूर झालं होतं. दोन खोल्यांच्या विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, वर स्लॅब पडला, सिमेंटचा गिलावा झाला. खोलीभाडं, शिल्पाचं शिक्षण आणि लग्न जाऊन केवळाबाईच्या मजुरीतलं जे उरलं होतं ते पोस्टात होतं. त्या पैशाचं काय करायचं, यावर वाद सुरू झाला.

"पुट्टी मारू, गुलाबी रंग देऊ," बालाजी म्हणाला. "उरंल त्यात फ्रीज. उन्हाळ्यात गार पाणी."

"माठ हाय."

"माठ कुठं अन् फ्रीज कुठं."

"तीन भिंती तुमी गुलाबी करा, न्हाई तर हिरव्या करा. बाहेरच्या खोलीची समोरची भिंत माझी. तिला पुट्टी न्हाई, प्रायमर न्हाई. चुन्याचे पाच हात."

"चुना? लोक म्हणतील पैशे संपले."

"म्हणू द्या."

बालाजी दोन दिवस पारावरच जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "पुट्टीवाला येणार हाय उद्या. त्याला तूच सांग कुठली भिंत सोडायची. मला लाज वाटती." केवळाबाईनं सांगितलं, आणि तो माणूस काम संपवून जाईपर्यंत त्या भिंतीला पाठ लावून बसून राहिली.

चुना मिळणं सोपं नव्हतं. मुखेडच्या बाजारात पानाला लावायच्या चुन्याच्या डब्या होत्या. नांदेडच्या जुन्या दुकानदारानं कळीच्या चुन्याची एक गोणी मागवून दिली. ती एसटीच्या टपावर आली. पावसाचं चिन्ह नाही हे बघूनच ती गाडी निवडली होती, कारण गोणी भिजली तर वाटेतच उकळते. परसात पत्र्याच्या पिंपात चुना विझवला, तो तासभर खदखदत होता. मग वर वीतभर पाणी राखून पंधरा दिवस मुरू दिला. आठ दिवसांत वापरला असता तरी चाललं असतं, पण पंधरा दिवस मुरलेला चुना लोण्यासारखा होतो.

रेघेच्या ब्रशासाठी केस हवे होते. गावात आता ट्रॅक्टर होते. देवणीची जोडी एकट्या शेषेरावांकडं उरली होती.

"शेषेरावदादा, बैलाची शेपटी विंचरू देता का?"

शेषेरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग बैलाकडं. "शेपटी? लगीन ठरलंय का त्याचं?"

"मला केस पायजेत. फणीत येतील तेवढेच."

"कापायचे न्हाईत."

"कापलेले मला चालत न्हाईत."

तो बैल गरीब होता. तिनं तीन दिवस रोज जाऊन विंचरलं, तेव्हा पंचवीस केस जमले.

मग तिनं शरणप्पाला फोन लावला. टोळी मोडून तो देगलूरला पोरीकडं राहत होता.

"मुकादम, मोकळे हाव का?"

"मोकळा म्हंजे? सकाळपासून खुर्ची उन्हातून सावलीत अन् सावलीतून उन्हात करून राहिलोय."

"पाच दिवसाचं काम हाय. चुन्याचं. तुमी गाळायचं, पाणी द्यायचं, शिडी धरायची. हात मी मारणार."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग शरणप्पा म्हणाला, "हजेरी काय देतीस?"

"बाजारात असंल ती. गड्याची."

"जेवाण?"

"दोन टायमाचं."

तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं उतरला, खांद्याला पिशवी, पिशवीत स्वतःची गाळणी. बालाजीनं त्याला खाट दिली. शरणप्पा खाटेवर बसला नाही. आधी पिंपातला चुना दोन बोटांत चोळून पाहिला आणि मान डोलावली.

रोज एक हात. पहिला पातळ, दुधासारखा. आदल्या संध्याकाळी भिजत घातलेला कुंचा ती आधी नुसत्या पाण्यातून काढायची, मग चुन्यात बुडवायची. शरणप्पा खाली बसून गाळायचा. त्याचे हात आता हळू चालत होते.

"गुठळ्या येऊन राहिल्यात, मुकादम. गाळणी उचलू नका."

"माझ्या टोळीत मला कुणी असं बोललं न्हवतं."

"तुमच्या टोळीत मी खाली होते."

बालाजी दारात बसून म्हणाला, "मला तर रोज बोलती." शरणप्पानं त्याला हाताला धरून उठवलं आणि पाण्याला लावलं.

चौथ्या हातानंतर तिनं थेंब झटकले. तीन मुरले, एक जरा ओघळला. पाचव्या दिवशी पहाटे पाचवा हात दिला. सकाळी, भिंत अजून ओलसर असताना, तिनं पुन्हा हात बुडवून झटकला. चारही थेंब जिथं पडले तिथंच नाहीसे झाले. तिनं आणखी चार झटकले. तेही मुरले. शरणप्पा गाळणी धुवायची थांबवून बघत होता.

त्या भिंतीत दार नव्हतं, म्हणून तिनं भिंतीतल्या कोनाड्याच्या दोन बाजूंना जागा धरली. पंचवीस केसांचा ब्रश कावेत बुडवला, डब्याच्या काठावर निथळला आणि पायापासून सुरुवात केली. पाय, मांडी, पोट, पाठ. रेघ जाईल तिथं भिंत ती आत ओढून घेत होती. दुपारपर्यंत दोन्ही मोर गळ्यापर्यंत आले. तिथं ती थांबली.

मान कोणीकडं, ते तिला अजून आठवत नव्हतं. डोळे मिटून तिनं आईचा हात आठवायचा प्रयत्न केला. हात दिसला, बांगड्या दिसल्या, एरंडाची काडी दिसली. हात कुठल्या बाजूला वळला ते दिसलं नाही. विचारावं असं कुणी उरलं नव्हतं. भिंत वाळत चालली होती, ताटकळून चालणार नव्हतं. तिनं डावीकडचा मोर डावीकडं बघता काढला आणि उजवीकडचा उजवीकडं. मग दूर जाऊन दोघांकडं बराच वेळ बघत राहिली.

"कोंबडा न्हाई वाटत," शरणप्पा म्हणाला.

"न्हाई," ती म्हणाली. "पर आईचे असे न्हवते."

"कसे होते?"

ती ब्रश धुवायला परसात गेली.

सहाव्या दिवशी शरणप्पा निघाला. केवळाबाईनं पाच दिवसांची हजेरी त्याच्या पुढं धरली. त्यानं हात मागं घेतला.

"पाच दिस भाकरी खाल्ली तुझी. फोनवर चेष्टा केली होती, अक्का."

"भाकरी पाव्हण्याची. ही कामाची. तुमी माझी एक हजेरी कधी बुडवली न्हाई. मी तुमची का बुडवू?"

शरणप्पानं पैसे घेतले, न मोजता खिशात घातले आणि गाळणी पिशवीत टाकून एसटीच्या थांब्याकडं चालू लागला.

त्या घरात फ्रीज आला नाही. केवळाबाईच्या सव्वीस वर्षांच्या मजुरीतून शेवटी जे उरलं होतं, त्यातून बाकीच्या भिंतींना पुट्टी आणि रंग लागला, कळीच्या चुन्याची एक गोणी आली, थोडी काव आली, पावशेर डिंक आला, आणि बाकीचे पैसे खाली बसून चुना गाळणाऱ्या एका माणसाच्या पाच दिवसांच्या मजुरीला गेले.